पापलेटच्या पाठीचा राखाडी

घराला रंग काढायचा म्हटलं की आमच्याकडे हल्ली फारशी चर्चा होत नाही. मुलगा दुकानात जातो, शेड कार्डावर बोट ठेवतो, यंत्रातून डबा घुसळून बाहेर येतो आणि दोन दिवसांत माणसं भिंती रंगवून मोकळी होतात. परवा त्याने हॉलसाठी राखाडी निवडला. मी विचारलं, कुठला राखाडी? तर म्हणाला, "आई, ग्रे म्हणजे ग्रे." हे वाक्य इनासभाऊंच्या कानावर पडलं असतं तर त्यांनी मुलाला समोर बसवलं असतं, माझ्याकडून दोन कप चहा मागवला असता आणि त्याची अख्खी सकाळ खाल्ली असती. माझ्या अशा बऱ्याच सकाळी त्यांनी खाल्ल्या. माझी त्याबद्दल काही तक्रार नाही.

इनासभाऊ वसईजवळच्या पापडी गावचे. धंद्याने रंगारी, पण त्यांना कुणी रंगारी म्हटलेलं मी ऐकलं नाही, सगळे मिस्त्रीच म्हणत. गिरगावातली खोली सोडून आम्ही वसईला फ्लॅट घेतला ते साल सत्त्याण्णव. भिंतींना बिल्डरने दिलेला पांढरा हात होता, तो बोटाला लागायचा. शेजारच्या कुलकर्णीबाईंनी इनासभाऊंचं नाव सुचवलं आणि वर बजावलं, माणूस चांगला आहे, पण त्याच्याशी वाद घालू नका, तो जिंकतो.

आले ते सायकलवरून. उंच, किडकिडीत, पन्नाशीच्या आसपासचे, पांढरा पायजमा आणि पांढरा सदरा. सायकलच्या दांड्याला शिडी आडवी बांधलेली आणि हँडलला रंगाच्या बाटल्यांची पिशवी. या पांढऱ्या कपड्यांवर रंगाचा एक ठिपका नव्हता. पुढे इतक्या वर्षांतही मी पाहिला नाही. त्यांचं म्हणणंच होतं, "मिस्त्रीच्या अंगावर रंग, म्हणजे भिंतीला कमी."

मला राखाडी हवा होता. आमच्या ऑफिसात नव्या साहेबांची केबिन तशी रंगवली होती आणि त्या केबिनमध्ये शिव्या खायला गेलं तरी डोळ्यांना बरं वाटायचं. पण त्या काळी वसईत हॉल म्हणजे पिस्ता, बेडरूम म्हणजे गुलाबी आणि स्वयंपाकघर म्हणजे लिंबू, असा जणू कायदाच होता. नवरा म्हणाला, तुला हवं ते कर. म्हणजे त्याला पसंत नव्हतं. सासूबाई तर उघडच म्हणाल्या, "राख काय कुणी भिंतीला लावतं? घरात काय झालंय काय?"

इनासभाऊंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाय, राखाडी एक नसतो. तुला कुठला पायजे?" मी साहेबांच्या केबिनचं वर्णन केलं. त्याचा त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही. संध्याकाळी आम्ही कुठे बसतो, खिडकी कुठल्या अंगाला, ट्यूब किती वाजता लागते, अशी चौकशी त्यांनी केली. मग पांढऱ्या रंगात काळ्याचे चार थेंब, पिवळ्या मातीचा एक, तांबड्याचं नुसतं बोट, असं करत तीन वाट्या ढवळल्या आणि भिंतीवर हाताएवढे तीन चौकोन काढले. एक खाडीच्या चिखलाचा, एक कबुतराच्या मानेचा आणि एक पापलेटच्या पाठीचा. ही नावं त्यांचीच, शेड कार्ड त्यांनी कधी जवळ बाळगलं नाही. आठ दिवस बघा म्हणाले, सकाळी बघा, दुपारी बघा, दिवेलागणीला बघा, आणि ज्याच्याकडे बघायचं विसराल तो तुमचा. एवढं सांगून सायकलवर बसून निघून गेले.

आठव्या दिवशी पापलेट जिंकला. पण सासूबाई पडल्या कोकणातल्या शाकाहारी, मासळीच्या वाऱ्यालाही उभ्या न राहणाऱ्या. हॉलच्या चारी भिंतींना पापलेट म्हटल्यावर त्यांनी ताटावरून उठायचंच बाकी ठेवलं. इनासभाऊंना वाईट वाटलं असावं. त्यांनी त्या चौकोनाकडे नीट बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, "आजी, माझी चूक झाली. हा पापलेट नाय. हा भस्माचा रंग हाय. तुमच्या तुंगारेश्वराच्या पिंडीवर असतं ते." सासूबाई दर सोमवारी शंकराचा उपास करत. त्यांनी चष्मा लावून चौकोन पुन्हा पाहिला आणि म्हणाल्या, मग ठीक आहे. पापडीच्या चर्चमध्ये दर रविवारी पहिल्या मिस्साला हजर असणाऱ्या माणसाने आमच्या घरी भस्म आणलं ते असं.

काम सुरू करायची त्यांची एक रीत होती. आधी स्वतः क्रूसाची खूण करायची आणि मग ब्रश बुडवून घरातल्या सगळ्यांत वडील बाईच्या हातात द्यायचा. पहिला हात तिचा. सासूबाईंनी भिंतीवर जेमतेम वीतभर रेघ ओढली आणि पदराला हात पुसला. त्या दिवसापासून तो रंग त्यांचा झाला. त्यांच्यासमोर राखाडीला नाव ठेवायची पुढे कुणाची प्राज्ञा नव्हती.

नावं ठेवणारे मात्र पुष्कळ निघाले. सोसायटीचे सेक्रेटरी दोनदा येऊन प्लास्टर वाळलं का विचारून गेले. कुलकर्णीबाई म्हणाल्या, छान आहे हो, आता यावर कुठला देणार? वटारहून केळी आणि पालेभाजी घेऊन येणाऱ्या मावशींनी दारातूनच डोकावून विचारलं, "बाय, रंगारी पळाला काय गो?" पुण्याहून आलेला माझा भाऊ सोफ्यावर अवघडून बसला आणि म्हणाला, आत्ता कुणीतरी सहीला फाइल आणेल असं वाटतंय. मी हे सगळं इनासभाऊंच्या कानावर घातलं. त्यांना जराही राग आला नाही. म्हणाले, नव्या सुनेला आणि नव्या रंगाला सहा महिने कुणी काही बोलू नये, पण सगळे त्या सहा महिन्यांतच बोलतात.

जाताना त्यांनी आणखी एक गोष्ट केली. कॅलेंडर लावायच्या खिळ्याखाली हाताएवढी जागा त्यांनी रंगवलीच नव्हती. बिल्डरचा पांढरा तसाच ठेवला होता. मला वाटलं विसरले. ते म्हणाले, विसरत नाही, हा साक्षीदार. प्रत्येक घरात ते आधीच्या रंगाची एवढी जागा ठेवत. भिंत आधी काय होती हे कुणाला तरी ठाऊक पाहिजे, नाहीतर भिंत माजते. मी हसले, आणि साक्षीदारावर कॅलेंडर टांगलं.

सहा महिन्यांनी कुलकर्णीबाईंचा पिस्ता गेला आणि कबुतराची मान आली. मग सेक्रेटरींकडे. दोन हजार सालानंतर तर काय, मालिकांमधली घरं राखाडी झाली, मासिकांतली झाली, आणि वसईपासून विरारपर्यंत जो तो ग्रे मागू लागला. इनासभाऊंना याचा आनंद व्हायला हवा होता. ते उलट वैतागले. म्हणायचे, "आधी राखाडी मागायला छाती लागायची. आता नको म्हणायला लागते."

आणि ते खरंच नको म्हणत. एका निवृत्त गृहस्थांना राखाडी हवा होता, कारण त्यावर मळ दिसत नाही. इनासभाऊंनी त्यांना कोळशाची वखार भाड्याने घ्यायचा सल्ला दिला आणि शिडी बांधून परत आले. आगाशीला एका बाईंनी नवा बंगला बांधला होता. मोठ्या हौशी बाई. त्यांना बाहेरून, आतून, जिन्यात, सगळीकडे ग्रे हवा होता. इनासभाऊंनी सगळा बंगला रंगवला, पण स्वयंपाकघरापाशी अडून बसले. राखाडी भिंतीपुढे वरण शिळं दिसतं, असं त्यांचं म्हणणं. बाई हट्टाला पेटल्या. तेव्हा यांनी घरून पत्नी कात्रीनबाईंच्या हातची रवळी आणली. तांदळाची, गूळ-नारळाची, खरपूस. एक तुकडा राखाडी चौकोनापुढे धरला आणि दुसरा पिवळ्या चौकोनापुढे, आणि बाईंना विचारलं, कुठला खाल? स्वयंपाकघर पिवळं झालं. बाईंनी दोन्ही तुकडे खाल्ले हे वेगळं.

वसईत रंगाचं पहिलं यंत्र आलं तेव्हा ते मुद्दाम बघायला गेले. परत आल्यावर माझ्याकडे बसून त्यांनी त्याचं सगळं कौतुक केलं, किती झटपट, किती नेमकं, आणि शेवटी म्हणाले, पण त्याला डोळा कुठे आहे? स्वतःच्या डोळ्याचा त्यांना भारी अभिमान. देवाने मला शिक्षण दिलं नाही, जमीन भावांना दिली, मला डोळा दिला, असं ते चारचौघांत सांगत. आणि ते खरं होतं. नऊ वर्षांपूर्वीचा रंग ते नुसता बघून पुन्हा जसाच्या तसा काढून देत.

साधारण दोन हजार चारपासून त्यांची एक नवीच तक्रार सुरू झाली. हल्ली कंपन्या पांढरा रंग पिवळा काढतात म्हणे. आधी मी लक्ष दिलं नाही. मग दुकानदाराशी भांडण झाल्याचं कानावर आलं. यांनी पांढऱ्याचे तीन डबे उघडून परत केले होते आणि तिन्ही वेळा दुकानदाराने हात जोडले होते. मग ट्यूबलाइट पिवळ्या येऊ लागल्या. मग दूध. कात्रीनबाई एकदा बाजारात भेटल्या तेव्हा हसून म्हणाल्या, म्हशीवरसुद्धा संशय घेतात गं.

दोन हजार सहामध्ये आमचा हॉल पुन्हा रंगवायला काढला. सासूबाई ऐंशीच्या झाल्या होत्या. तोच रंग, तोच मिस्त्री, असं त्यांनी जाहीर केलं. इनासभाऊंनी कॅलेंडर काढलं. त्याच्याखालच्या पांढऱ्या साक्षीदाराला लागून यावेळी जुन्या पापलेटची हाताएवढी जागा राखली, तिच्याकडे बघून, पांढऱ्यातला पिवळेपणा मारायला निळ्याचे थेंब टाकत बादली ढवळली आणि सासूबाईंच्या हातून पहिली रेघ ओढून घेतली. मी आणि नवरा ऑफिसात. संध्याकाळी घरी आलो तर हॉल जांभळा.

अगदी जांभळा नव्हे. दुधात जांभूळ पडावं तसा. राखाडी होता, पण लाजलेला. इनासभाऊ हात पाठीशी बांधून मधोमध उभे होते, चेहऱ्यावर काम फत्ते झाल्याचं समाधान. "बग बाय. तोच. जराही फरक नाय." मी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने पंख्याकडे. मी म्हटलं, छान झालाय. आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले आहे, पण इतकं पडेल तोंडाने कधी बोलले नव्हते.

सासूबाई आपल्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी दिवसभर काही म्हटलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. माणूस काम करत असताना त्याला टोकू नये, एवढं म्हणून त्या गप्प बसल्या होत्या. आता काम संपलं होतं.

"इनास," त्या म्हणाल्या, "भिंत जांभळी झालीय रे."

ते हसले. आजी, चष्मा बदला म्हणाले. सासूबाईंचा आवाज जराही चढला नाही. त्या म्हणाल्या, चष्मा नाही, गेल्या वर्षी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्याआधी मलाही सगळं पिवळं दिसायचं. माझ्या पांढऱ्या साड्यांवरून मी धुणाऱ्या बाईला दोन वर्षं बोलले, आणि पट्टी सुटल्यावर बघते तर साड्या पांढऱ्याशुभ्र.

इनासभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मग साक्षीदाराकडे गेले. जुना चौकोन आणि नवी भिंत, दोन्हींच्या मधोमध बोट ठेवून कितीतरी वेळ उभे राहिले. पाठमोरेच त्यांनी विचारलं, "बाय, खरं सांग. इथं रेघ दिसते काय?"

रेघ आंधळ्यालाही दिसली असती. मी म्हटलं, हो, दिसते.

"मला नाय दिसत," ते म्हणाले.

त्या क्षणी मला त्यांचं फार वाईट वाटलं, आणि आपण आधी खोटं बोललो याची लाजही वाटली. ज्या डोळ्यावर त्यांचं नाव चालत होतं तोच त्यांना फसवत होता, आणि गावात सगळ्यांना दिसत असून कुणी बोललं नव्हतं. ते जमिनीवर बसले. गेल्या दोन वर्षांत किती घरं रंगवली ते बोटांवर मोजू लागले, आणि अकराव्या बोटाला, म्हणजे पुन्हा पहिल्यावर येऊन थांबले. त्यांना ऑपरेशनची भीती नव्हती. भीती होती ती ही, की मिस्त्रीच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे हे एकदा कळलं की त्यांच्या हातात ब्रश कोण देणार? सासूबाई म्हणाल्या, मी देईन. आजवर तू मला देत आलास, आता मी तुला देईन. जा, ऑपरेशन करून ये.

महिन्याभराने ते आले ते काळा चष्मा लावून. उजव्या डोळ्याचं झालं होतं, डाव्याचं नंतर व्हायचं होतं. दारातच थांबले, चष्मा कपाळावर सरकवला आणि हॉलकडे बघितलं. मला वाटलं आता रडतात. ते हसायलाच लागले. हसता हसता भिंतीला टेकून खाली बसले. म्हणाले, "आजी, ही भिंत हाय का लग्नाला निघालेली मावशी? आणि तुम्ही महिनाभर हिच्याबरोबर राहिलात?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्या अकरा घरांची फेरी सुरू केली. सायकलवरून जायचं, बेल वाजवायची, हात जोडायचे आणि सांगायचं, माझ्या डोळ्याची चूक आहे, भिंत बदलून देतो, मजुरी नको. मी त्यांना सांगितलं होतं, माझंही नाव सांगा, मी साक्ष देईन. त्याची गरज पडली नाही. कारण अकरापैकी एकाही घराने भिंत बदलू दिली नाही.

लोकांना तो रंग भयंकर आवडला होता. एका घरी तो परदेशातला म्हणून पाहुण्यांना दाखवला जात होता. एका नव्या जोडप्याने आपल्या बाळाच्या पाळण्याला तसाच रंग शोधला आणि मिळाला नाही म्हणून हळहळले. आगाशीच्या हौशी बाईंनी मधल्या काळात माडीही त्यांच्याकडूनच रंगवून घेतली होती. त्यांनी तर माफी ऐकूनच घेतली नाही. वर म्हणाल्या, विरारच्या माझ्या बहिणीला हाच हवाय, यंत्रवाल्याला जमत नाही, तुम्ही कधी येता?

इनासभाऊ त्या दिवशी आमच्याकडे आले ते चक्रावलेले. आयुष्यभर नेमका राखाडी काढला तर लोकांनी प्लास्टर म्हटलं, आणि मोतीबिंदूचा राखाडी लोकांना हवाय. सासूबाई हसून हसून खोकल्या. मी म्हटलं, मग द्या ना काढून बहिणीला. ते एकदम गंभीर झाले. "बाय, चूक एकदा करता येते. मागून घेऊन करता येत नाय." शिवाय प्रयत्न करून पाहिला होता, हेही त्यांनी कबूल केलं. नव्या डोळ्याने तो जमतच नव्हता, हात आपोआप पापलेटवर जात होता.

आमची भिंत मात्र त्यांनी हट्टाने बदलली. ज्यांनी खरं सांगितलं त्यांचं काम आधी. सासूबाईंनी बोलल्याप्रमाणे ब्रश स्वतः बुडवून त्यांच्या हातात दिला. त्यांनी क्रूसाची खूण केली आणि भर दुपारी, चारी खिडक्या उघड्या टाकून पापलेटच्या पाठीचा राखाडी पुन्हा काढला. तो इतका नेमका होता की जुना चौकोन कुठे संपतो हे शोधावं लागलं. जांभळ्याची हाताएवढी जागा त्यांनी शेजारी साक्षीदार म्हणून ठेवली. मी म्हटलं, ही कशाला? म्हणाले, भिंतीसाठी नाही, माझ्यासाठी. मी माजू नये म्हणून.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन मात्र ते लांबवत राहिले. सासूबाई प्रत्येक भेटीत विचारत. आधी पावसाळा झाला, मग नाताळ आला, मग धाकट्या मुलीचं लग्न ठरलं, मग डॉक्टरच गावाला गेले. सासूबाई चिडायच्या, इतका मोठा बाप्या आणि सुईला घाबरतो. ते मान खाली घालून ऐकून घेत. मलाही ते घाबरतात असंच वाटायचं.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात मी विरारला एका मैत्रिणीकडे गेले होते. जिना उतरताना पहिल्या मजल्यावरचं एक दार सताड उघडं दिसलं. आत रिकामा हॉल, खाली पसरलेली वर्तमानपत्रं आणि त्यांच्या मधोमध पांढऱ्या सदऱ्या-पायजम्यात इनासभाऊ. आगाशीच्या बाईंची बहीण इथेच राहते हे मला नंतर समजलं. समोर बादली होती. त्यांनी डावा तळहात उजव्या, नव्या डोळ्यावर घट्ट दाबून धरला होता, आणि उजव्या हाताने रंग ढवळत, मोतीबिंदूच्या जुन्या डोळ्याने बादलीत बघत होते. निळ्याचा एक थेंब टाकला. पुन्हा ढवळलं. मान हलवली. आणखी एक टाकला. बादलीतला राखाडी हळूहळू लाजायला लागला.

मी हसले असणार, कारण त्यांनी मान वर केली. मला ओळखून तळहात खाली घेतला आणि बादलीत खऱ्या डोळ्याने एकदा डोकावून बघितलं. त्यांचा चेहरा असा वाकडा झाला की मला पुन्हा हसू आलं. मग ते आजूबाजूला बघून, हळूच म्हणाले, "बाय, आजीला सांगू नको."

सासूबाई पुढे तीन वर्षं होत्या. इनासने डावा डोळा केला का, हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलं. मी प्रत्येक वेळी सांगितलं, घाबरतात हो ते.